बालीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

“चारच्या आत सूचनांचा कागद तयार नसेल, तर उद्यापासून येऊ नकोस,” असं बजावून मुरलीधरशेठ जेवायला गेले आणि सुमेधा कोऱ्या कागदाकडे बघत बसली.

दुबईच्या करामा भागातल्या त्या ट्रॅव्हल एजन्सीत तिला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. बालीला पहिल्यांदा निघालेल्या बावीस मराठी प्रवाशांना उपयोगी सूचना हव्या होत्या. ‘आमचा स्टाफ बाली कोळून प्यायलाय,’ असं शेठनी त्यांना छातीठोक सांगून ठेवलं होतं. खरं तर ऑफिसातल्या कुणीही बाली नकाशाबाहेर पाहिली नव्हती. सुमेधा तर दुबईतच वाढलेली. पाऊस म्हणजे शाळेला सुट्टी, एवढंच तिला ठाऊक.

चहा घेऊन आलेल्या शिपाई भिवाकाकांनी तिचा चेहरा पाहिला. माणूस वेंगुर्ल्याचा, चार वर्षं घरी गेला नव्हता.

“थंय समुद्र आसा?”

“आहे.”

“माड? भातशेती? माकडां?”

“सगळं आहे, काका.”

“मगे लिव, बाय.”

माडाखाली पथारी पसरू नका, नारळ विचारून पडत नाही. लाटा फुटत नाहीत तिथलं पाणी गरीब दिसतं, पण तेच आत ओढतं. माकडांसमोर चष्मा मिरवू नका. चामड्याच्या चपला पावसात कुजतात, घरीच ठेवा. काका सांगत गेले, खुलत गेले. चहा कधीच निवला होता.

तीन आठवड्यांनी ग्रुपच्या पुढारी मनोरमाबाई मिठाई घेऊन ऑफिसात आल्या.

“कागद कुणी लिहिला? आमचे हे शांत पाणी बघून उतरतच होते. मी दंड धरून मागे ओढलं. तिथेच दुसरे दोघं वाहत गेले, होडीवाल्यांनी काढले म्हणून वाचले.”

सुमेधाने भिवाकाकांकडे बोट दाखवलं.

“किती वर्षं होतात बालीला?” बाईंनी विचारलं.

शेठनी डोळे वटारले. सुमेधाने मनात म्हटलं, नोकरी गेलीच म्हणायची.

“मी कधी गेलंय नाय,” भिवाकाका सरळ म्हणाले. “ह्यां सगळां आमच्या वेंगुर्ल्याचां.”

मनोरमाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“शेठ, मग आम्हाला एवढ्या लांब कशाला धाडलंत? डिसेंबरात वेंगुर्ल्याची बावीस तिकिटं काढा.”

शेठ पक्के धंदेवाले. त्यांनी भिवाकाकांकडे पाहिलं, मग सुमेधाकडे वळले.

“तेवीस लिही. भिवाचं एजन्सीच्या खर्चानं.”