मागचा बाण

पुसेगावच्या फाट्यावर जीप इंजिन बंद करून उभी होती. शेवटची सीट भरल्याशिवाय शेषराव ड्रायव्हर गाडी काढणार नव्हता. मधल्या बाकावर चौघांत चेपून बसलेल्या रत्नपालनं मोबाइलवर मोटारसायकलचा गेम लावला.

त्यातली खुबी त्याला आता कळली होती. कडा आला की मागचा बाण दाबून धरायचा. स्वार मागं रेलतो, गाडी दरीवरून उडते आणि मागच्या चाकावर उतरते. वेग जराही तुटत नाही.

त्यानं बाण दाबला. जीपमधली सगळी माणसं मागं रेलली.

त्यानं बोट उचललं. सगळी सरळ झाली.

"काहून रेटून राहिला रे बाबू?" शेजारच्या गोजरबाईनं विचारलं.

"मी न्हाई, मावशी."

त्यानं पुढच्या बाणाला हळूच बोट लावलं. बारा डोकी एकदम पुढं झुकली, शेषरावाचंही.

रत्नपालनं मोबाइल बंद केला आणि खिशात खोल कोंबला. तेवढ्यात शेवटचा माणूस आला, दार लागलं आणि जीप सेनगावच्या दिशेनं निघाली.

दोन किलोमीटरवर त्याची स्वतःची पाठ मागं दबली. त्यानं उठायला जोर लावला, पण मानही हलेना. गोजरबाई, शेषराव, सगळेच रेलले होते. रस्ता दिसत नव्हता, नुसतं छत दिसत होतं.

ह्या रस्त्याला कुठंच दरी नाही, हे तो मनाशी घोकत राहिला. बाण मात्र कुणी सोडत नव्हतं.

मग चाकांचा आवाज थांबला.