खापरपणजोबांची जात

मंठ्याच्या तहसीलमधून सर्जेराव परतले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. कित्येक हेलपाट्यांनंतर आज निजामाच्या काळातल्या दप्तरात मोडी वाचणाऱ्याला त्यांच्या खापरपणजोबांची नोंद सापडली होती.

"बराबर लिहून ठेवलंय बघ," ते बायकोला, सत्यशीलाबाईंना, म्हणाले. "तुकोजी वल्द राणोजी, जात कुणबी. आता आपल्या पोराचं, कल्याणचं, कुणबी सर्टिफिकेट कोणी अडवत न्हाई!"

ओसरीवर भावकी जमली. जन्मभर शहाण्णव कुळीचा तोरा मिरवलेले सर्जेराव आज ज्याला त्याला पेढा भरवून सांगत होते, "अरे, आपण मूळचे कुणबीच!"

वाटून वाटून पुड्यात एकच पेढा उरला. सत्यशीलाबाईंनी तो उचलला आणि पदराच्या टोकाला बांधला.

"तो कोणासाठी?" सर्जेरावांनी विचारलं.

"शालूला धाडते."

सर्जेरावांचा हसरा चेहरा एकदम उतरला. भावकीसमोर ते ओरडले, "कोण शालू?"

"तुमचीच पोरगी," सत्यशीलाबाई गाठ आवळत म्हणाल्या. "कुणब्याच्या पोरासंगं लग्न केलं म्हणून तुम्ही जितेपणी जिचा दहावा घातला, ती."