निनादचा चेहरा

शर्वाणीने डोळे मिटले आणि रोजच्यासारखा निनादचा चेहरा मागितला. कानात उत्तर आलं, "नोंद सापडली नाही." तिने त्याचं हसू मागितलं, त्याला ताप भरला ती सकाळ मागितली. उत्तर तेच.

ती तडक स्मृतिकेंद्रात गेली. तिथल्या बाई चाचरत म्हणाल्या, "ताई, एकच आठवण दोन डोक्यांत कशाला, म्हणून लग्नानंतर तुम्ही दोघांनी सामाईक आठवणी एकाच जागी ठेवल्या होत्या. मुलाच्या सगळ्या तुमच्या यजमानांकडे होत्या, तुमच्याकडे नुसता त्यांचा दुवा. त्यांनी काल त्या पुसल्या."

"आणि फोटो?"

"तेही त्यातच होते."

"मग नाव कसं आठवतंय मला?"

"नावं वेगळ्या तक्त्यात असतात."

ती संतापाने घरी आली. मुकुल स्वयंपाकघरात शीळ घालत पोहे परतत होता. मुलगा गेल्यापासून त्याने शीळ घातली नव्हती.

"मला न विचारता पुसलंस त्याला?"

"कोणाला?" त्याने निरागसपणे विचारलं.

शर्वाणी खुर्चीत बसली. ज्याच्याशी भांडायचं, तो माणूसच आता उरला नव्हता.

"आपल्याला मुलगा होता," ती म्हणाली. "निनाद."

मुकुलने गॅस बंद केला.

"माझ्यासारखा दिसायचा?" त्याने हळूच विचारलं.

"हो," शर्वाणी म्हणाली. ते खरं होतं की खोटं, हे तिलाही माहीत नव्हतं.