शोकेसमधला बंगला

"हा किल्ला मी पुसणार नाही," बायकोने दुकानातच त्र्यंबकरावांना बजावलं. निवृत्तीनंतर प्लास्टिकच्या विटा जोडून शोकेसमध्ये काहीतरी उभारायचं, एवढीच त्यांची हौस. जहाजही तिने शिडांवर धूळ बसते म्हणून परत ठेवलं.

उरला दुमजली बंगला. खोक्यावरचं चित्र तिने खराखुरा फ्लॅट घ्यायचा असल्यासारखं तपासलं. "ओटा आहे, खिडकी आहे. पाहुण्यांची खोली?"

"नाही गं." त्र्यंबकरावांनी आशाच सोडली.

पण बायकोची कळी खुलली. दिवाळीला चार दिवसांसाठी आलेली त्यांची ताई होळी आली तरी हलली नव्हती. आत्ताही पलीकडे बाहुल्या बघत होती. बायको कुजबुजली, "हाच घ्या. एक तरी घर वन्संशिवाय!"

तेवढ्यात मागून एक बोट येऊन चित्रावर टेकलं. "वहिनी, गच्ची आहे की! माझी गादी मावेल."