पिवळ्या शर्टातला पोरगा

"आक्का, हा कोण?" नागेंद्रनं कॅमेऱ्यातलं चित्र थांबवून मनुबाईपुढं धरलं.

सीमाप्रश्नाच्या मोर्चात त्यानंच ते टिपलं होतं. पिवळ्या शर्टातला एक पोरगा बसच्या कानडी पाटीला काळं फासत होता. शेजारी मनुबाई उभी होती, म्हणून तिला कंग्राळीहून ठाण्यात बोलावलं होतं. चार दिवस गावात ज्याला त्याला विचारून झालं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच, वळखत न्हाय.

कॅमेरा बघून माणसांनी तोंड फिरवणं हवालदार नागेंद्रच्या अंगवळणी पडलं होतं. या पोराचं मात्र त्याला वाईट वाटत होतं. नुकतंच मिसरूड फुटलेलं. एकदा केस पडली की सरकारी नोकरीचं नाव घ्यायला नको. बाईनं नाही म्हणावं, अशीच त्याची मनातून इच्छा होती.

मनुबाईनं चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं.

"माझा साईराज."

नागेंद्र चपापला. "नीट बघा आक्का. पोराचं जन्माचं नुकसान हाय."

"आईला वळखू येत न्हाय व्हय? माझाच हाय त्यो."

तिनं पिशवीतून रेशनकार्ड काढलं. नाव होतं. वयही जुळत होतं.

सोबत आलेली शेजारीण मंगल बाकावर बसून पदरात तोंड खुपसून रडू लागली.

"तुमालाबी पोरगा हाय काय?" काहीतरी बोलायचं म्हणून नागेंद्रनं तिला विचारलं.

"हाय की, आदर्श," उत्तर मनुबाईनंच दिलं. "सोमवारी मिल्ट्रीत हजर व्हायचंय त्याला."

एकीचा पोरगा वर्दी घालणार, दुसरीचा कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. नागेंद्रला फार वाईट वाटलं. साहेब मात्र खूश होते. जबाब लिहिला, सही झाली.

"कागदं व्हायला दोन-चार दिवस लागतील, मंगळवारी न्यायला येतो. पोराला घरात ठेवा."

"या की. घर सोडून कुठं जातोय त्यो."

मंगळवारी तो एकटाच गेला. गल्लीत बोभाटा नको म्हणून गाडी देवळापाशी लावली. मनुबाईनं खुर्ची दिली, चहा ठेवला.

"साईराजला बोलवा आक्का. कोण हात लावणार न्हाय त्याला. मी हाय."

"आत हाय. या."

भिंतीवर चंदनाचा हार घातलेला फोटो होता. नागेंद्रनं कधीच न पाहिलेला चेहरा, आणि खाली तीन वर्षांपूर्वीची तारीख.