बादलीतले सदस्य

बोअरचं पाणी सर्वानुमते शुद्ध ठरलं. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण पाणी समितीची बैठक अजून सुरू व्हायचीय.

कारखान्याने जमिनीत मुरवलेलं विष उपसण्याचं काम कागदोपत्री संपलं होतं. आता रिवाजाप्रमाणे सदस्यांनी लोकांसमोर एकेक ग्लास प्यायचा, की उद्यापासून शाळेचे नळ सुरू. समितीतल्या नर्सबाईंची लेक त्याच शाळेत होती.

सगळे बोअरच्या पाण्याने भरलेल्या बादलीवर वाकले. वर अध्यक्ष हसत होते. खाली पाण्यात त्यांच्या प्रतिबिंबाने तोंड हाताने गच्च दाबून धरलं होतं. बाकीच्यांच्या प्रतिबिंबांनीही. नर्सबाई टक लावून बघत राहिल्या.

"काय हो बाई, घरी आरसा नाही का?" अध्यक्ष म्हणाले. मंडळी खो-खो हसली. पाण्यातलं कुणीच हसलं नाही.

"साहेब, खाली बघा तरी."

"बघून तहान भागते होय? घ्या!"

बाकी सगळ्यांनी ग्लास तोंडाला लावले. नर्सबाईंनी पुन्हा वाकून पाहिलं. पाण्यातल्या घोळक्यात त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब नव्हतं. त्या जागी त्यांची लेक उभी होती आणि घटाघटा पीत होती.

त्यांनी हात वर केला.

"अध्यक्ष महोदय, ठराव मंजूर करण्यापूर्वी बादलीतल्या सदस्यांचीही मतं मोजण्यात यावीत, ही नम्र विनंती."