येफिमचं जॅकेट

सोव्हिएत काळात लाइफ जॅकेटं दुकानात मिळत नसत, म्हणून सायबेरियातल्या बाश्काउस नदीच्या खळाळातून तराफ्याने उतरणाऱ्यांची जॅकेटं घरीच शिवत. बाळाचा डोळा लागला की तोमा नवऱ्याचं जॅकेट घेऊन बसायची आणि पॅराशूटच्या दोऱ्याने प्रत्येक शिवण दुहेरी घालायची.

"नदी मला फाडेल गं, पण तुझी शिवण नाही फाटायची!" ग्लेब हसायचा.

"काहीतरीच अभद्र बोलू नकोस," म्हणत ती आणखी एक टीप मारायची.

ऑगस्टमध्ये त्याचा सोबती येफिम दारात येऊन उभा राहिला, ग्लेबशिवाय.

"पाण्याखाली पडलेलं झाड होतं, तोमा. खांद्याचा पट्टा फांदीत अडकला. आम्ही जिवाच्या आकांताने ओढलं. तो पट्टा तुटला असता ना, तर ग्लेब सुटला असता."

पुढच्या वसंतात येफिमची नवी नवरी लूशा कापड घेऊन आली. "परत नदीवर निघालाय मेला, ऐकतच नाही! तुझ्या हातचं दे ना शिवून त्याला. अगदी भक्कम हं."

तोमाने बाळाला निजवलं आणि सगळं जॅकेट दुहेरी शिवलं.



खांद्यांच्या पट्ट्यांना मात्र, एका हिसक्यात तुटेल असा नुसता धावदोरा घातला.